घरातून व्यवसाय: निवासी सदनिकेत नियमाने काय चालते आणि काय चालत नाही?

सुगरण_कर्वेनगर (धागाकर्ती)

नमस्कार. पुण्यात कर्वेनगर भागातील २८ सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत आम्ही गेली सोळा वर्षे राहतो. सात वर्षांपूर्वी मी शेजारच्या दोन घरांसाठी दिवाळीचा फराळ करून दिला आणि तिथून सुरुवात झाली. आता वर्षभर भाजणी, मेतकूट, लाडू, चकल्या आणि सणावाराला पुरणपोळ्या अशी मागणी असते. एक मदतनीस रोज येते, दिवाळीच्या आधीच्या महिन्यात चार जणी येतात. घरात मिक्सरखेरीज भाजणी दळण्यासाठी एक अश्वशक्तीची घरगुती चक्की आणि अर्ध्या अश्वशक्तीचे पीठ मळण्याचे यंत्र आहे. फाटकावर गेल्या वर्षी लहानसा फलक लावला होता.

मागील आठवड्यात संस्थेच्या समितीने मला लेखी नोटीस दिली आहे. निवासी सदनिकेचा व्यापारी वापर पंधरा दिवसांत बंद करावा, अन्यथा महापालिकेकडे तक्रार केली जाईल, आणि तोपर्यंत देखभाल शुल्क तिप्पट आकारले जाईल, असे तीत म्हटले आहे. माझ्याकडे अन्नसुरक्षेची नोंदणी आहे आणि 'उद्यम' नोंदणीही आहे. एवढी कागदपत्रे असताना माझा व्यवसाय बेकायदा कसा ठरतो, हे मला समजत नाही. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर एक करसल्लागार घरूनच काम करतात आणि तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळी शिकवणी चालते. त्यांना नोटीस गेलेली नाही.

मला सहानुभूती नको आहे. नियम काय सांगतो आणि माझे काय चुकते आहे, हे जाणकारांनी स्पष्टपणे सांगावे.

आराखडा_वाचक

ताई, मी नगररचनेच्या कामात तीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी एक गोंधळ दूर करू. अन्नसुरक्षेची नोंदणी तुमच्या पदार्थाच्या सुरक्षिततेसाठी आहे, 'उद्यम' तुमच्या उद्योगाच्या आकारासाठी आहे, वस्तू व सेवा कराची नोंदणी करासाठी आहे. या जागेत हा वापर करता येतो का, हा प्रश्न यांपैकी एकही कार्यालय विचारत नाही. ते पत्ता विचारतात आणि पत्त्याचा पुरावा मागतात, इतकेच. जागेच्या वापराचा प्रश्न महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि त्याखालील विकास नियंत्रण नियमावली यांचा आहे. त्या अधिनियमात 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच इमारतीच्या वापरातील महत्त्वाचा बदल येतो, म्हणजे एक वीटही न हलवता केवळ वापर बदलला तरी तो परवानगीवाचून केलेला विकास ठरू शकतो. कलम ४३ मध्ये परवानगीची अट आहे आणि कलम ५२ मध्ये शिक्षा आहे: एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंड. घाबरू नका, घरी लाडू वळणाऱ्या बाईंवर असा खटला भरलेला मी नोकरीत कधी पाहिला नाही. पण कलम आहे हे माहीत असावे.

आता तुमच्या जागेला लागू असलेली नियमावली. बृहन्मुंबई महापालिकेचे क्षेत्र आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडली, तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आणि पुणे तिच्यातच येते. तिच्या चौथ्या प्रकरणात जमीन वापराचे विभाग दिले आहेत. निवासी विभागाचे दोन पोटभाग आहेत आणि त्यांतील फरक रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. दाट वस्तीत ९ मीटरपेक्षा आणि तिच्याबाहेर १२ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरचा भूखंड पहिल्या पोटभागात येतो. तेवढ्या किंवा त्याहून रुंद रस्त्यावरचा दुसऱ्यात. दुसऱ्या पोटभागात दुकाने, कार्यालये असे बरेच वापर चालतात, पहिल्यात फार थोडे. तुमच्या गल्लीची शहराच्या विकास आराखड्यातली रुंदी किती, हे सर्वांत आधी पाहा.

पहिल्या पोटभागातही घरगुती व्यवसायाला जागा आहे, आणि त्यासाठी कोणाच्याही वेगळ्या दयेची गरज नाही. मात्र घरगुती व्यवसाय म्हणजे काय याची व्याख्या नियमावलीतच आहे आणि ती काळजीपूर्वक वाचावी लागते. माझ्या शब्दांत सांगायचे तर तो व्यवसाय त्याच घरात राहणाऱ्या कुटुंबातील व्यक्तीने, मजुरीवर माणसे न ठेवता, रूढीने चालत आलेल्या प्रकारे केलेला असावा. या घरात राहण्याखेरीज आणखी काही चालते असे बाहेरून दिसेल असा फलक किंवा मांडणी नसावी. तिथे तयार होते त्याखेरीज दुसरी कोणतीही वस्तू विकली जाऊ नये. काम धोकादायक नसावे. आणि सामान्यतः घरात वापरली जातात त्यापलीकडची यंत्रे नसावीत. विजेवर चालणारे यंत्र वापरलेच तर एकूण भार ०.७५ किलोवॉटच्या वर जाता कामा नये. सर्वसामान्य लोकांना बसवून खाऊपिऊ घालण्याची जागा, म्हणजे खाणावळ, या व्याख्येतून वगळलेली आहे.

तुम्ही पदार्थ करून देता, कोणाला घरात बसवून वाढत नाही, त्यामुळे खाणावळीच्या वगळणुकीत तुम्ही येत नाही असे माझे मत आहे. फलक काढून टाका, तो मुद्दा तिथेच संपतो. यंत्रांचे गणित मात्र अवघड आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तुमच्या एकट्या चक्कीने मर्यादा जवळजवळ भरली, आणि पीठ मळण्याचे यंत्र धरले तर ती ओलांडली. मिक्सर हे घरातले नेहमीचे उपकरण आहे, त्याबद्दल कोणी शहाणा अधिकारी बोलणार नाही. पीठ मळण्याचे यंत्र घराघरांत असते असे मात्र म्हणता येणार नाही.

आणि खरी अडचण यंत्रांचीही नाही. ती रोज येणाऱ्या मदतनीस बाईंची आहे. मजुरीवर माणूस ठेवायचा नाही ही अट स्पष्ट आहे, आणि घरकामासाठी बाई ठेवली आहे असे सांगून ती टाळता येईल असे मला वाटत नाही, कारण दिवाळीत चार जणी चकल्या पाडायला येतात हे सगळी इमारत पाहते.

जरीकाठ

धागा वाचून मला घाम फुटला आहे. मी नाशिकला घरून साड्या विकते. येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या आणते, फॉल-पिको घरीच करते. मजुरीवर कोणी नाही, फलक नाही, शिलाई यंत्राची मोटर अगदी लहान. मी तर सर्व अटींत बसते असे समजत होते. पण तिथे तयार झालेल्या वस्तूखेरीज काही विकू नये असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे फॉल-पिको चालेल आणि पैठणी चालणार नाही, असा याचा अर्थ आहे का?

आराखडा_वाचक

दुर्दैवाने शब्दशः अर्थ तसाच आहे. नियमावलीतच उदाहरणे शिवण, भरतकाम, बटणे करणे अशी दिली आहेत. १९९१च्या मुंबईच्या नियमावलीतही जवळजवळ हेच शब्द होते आणि ते पुढे तसेच चालत आले. हे शब्द लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घरी बसून हातकाम करणारी बाई होती. बाहेरून माल आणून विकणे म्हणजे दुकान, अशी साधी विभागणी त्यांनी केली. आज माल गोदामातून परस्पर गिऱ्हाइकाकडे जातो आणि घरात फक्त दूरध्वनी आणि वही असते, हे त्या शब्दांत कुठेच बसत नाही. माझ्या मते, साड्यांचा साठा आणि गिऱ्हाइकांची ये-जा घरात नसेल, तर घराचा वापर बदलला असे म्हणणे अवघड आहे. कारण नियमावली जागेच्या वापराचे नियमन करते, तुमच्या उत्पन्नाच्या मार्गाचे नाही. पण बैठकीच्या खोलीत कपाटे भरून साड्या असतील आणि लग्नसराईत दारात पंधरा चपला दिसत असतील, तर ते दुकानच आहे. तुमची गल्ली रुंद रस्त्याची असेल आणि सदनिका तळमजल्यावर असेल, तर रीतसर वापरबदलाची परवानगी मागून पाहण्यात अर्थ आहे.

सोसायटी_चिटणीस

मी ठाण्यातील एका संस्थेचा चिटणीस आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडणे मला आवश्यक वाटते. अशा नोटिशी समित्या हौसेने काढत नाहीत. उद्या चक्कीमुळे वायरिंग जळाले किंवा गॅसचा अपघात झाला, तर पहिला प्रश्न समितीला विचारला जातो की तुम्हाला माहीत असताना तुम्ही काय केले.

सभासदत्व घेताना प्रत्येकाने एक हमीपत्र दिलेले असते, त्यात सदनिका ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरीन असे लिहिलेले असते. बहुतेकांना ते आठवतही नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने इतरांना उपद्रव किंवा गैरसोय होईल असे काही आपल्या सदनिकेत करायचे नसते, ज्वलनशील किंवा परवान्याशिवाय ठेवता येत नाही असा माल साठवायचा नसतो, आणि याबाबत तक्रार आली किंवा न आली तरी समिती दखल घेऊ शकते. तेव्हा नोटीस देण्याचा अधिकारच नाही, असे कोणी समजू नये.

मात्र तिप्पट देखभाल शुल्काचे समर्थन मी करू शकत नाही. उपविधींत सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान विभागलेले असते. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर आणि आकारावर ठरतो. ताईंच्या घरी पाणी जास्त लागते अशी तक्रार असेल, तर त्याला उत्तर नळांच्या हिशोबात आहे. समितीने आपल्या मनाने लावलेला तिप्पट आकार हा सरळ दंड झाला, आणि दंडाचे उपविधींत वेगळे नियम आहेत. त्यासाठी आधी सभासदाचे म्हणणे ऐकावे लागते आणि सर्वसाधारण सभेपुढे जावे लागते. बिलावर हरकत नोंदवून, मूळ रक्कम वेळेत भरत राहा. थकबाकीदार म्हणून नाव लागू देऊ नका, तो समितीच्या हातातला सर्वांत सोपा डाव असतो. शेवटी तडजोड झालीच नाही, तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे, परंतु तिथे वर्षे जातात हे दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवावे.

एकाला नोटीस आणि दुसऱ्याला सूट, याचे उत्तर समितीला द्यावे लागेल, हे मी मान्य करतो. तरीही करसल्लागाराची तुलना तुमच्याशी होत नाही. रहिवाशाने घराच्या एका भागात स्वतःचे व्यावसायिक कार्यालय चालवणे हा नियमावलीत वेगळाच, अधिक मोकळा प्रकार आहे.

चाळकरी

मुंबईसाठी एक पुरवणी. इथे एकत्रिकृत नियमावली लागू नाही. इथे २०३४च्या आराखड्याबरोबर आलेली, २०१८ मध्ये मंजूर झालेली स्वतंत्र नियमावली आहे. जुन्या १९९१च्या नियमावलीत रहिवासी वकील, डॉक्टर वगैरेंच्या घरातील कार्यालयाला किंवा दवाखान्याला ३० चौरस मीटरची मर्यादा होती आणि तिथे केवळ बाह्यरुग्ण तपासता येत असत. आमच्या गिरगावात ३० चौरस मीटरचे घर असणाराच भाग्यवान समजला जाई, त्यामुळे ही मर्यादा आम्हाला नेहमीच विनोदी वाटत आली. पापड लाटण्याचे काम तर इथे चाळीच्या गच्चीवर पिढ्यान्‌पिढ्या झाले, तेव्हा भार किती किलोवॉट हे विचारायला कोणी आले नाही. अर्थात लाटण्याला मोटर नसते.

खालचा_मजला

मी धागाकर्तीच्या इमारतीत राहत नाही, पण अशाच एका स्वयंपाकघराच्या बरोबर खाली राहतो, म्हणून लिहितो. नियमात बसते की नाही हा वाद एका बाजूला ठेवला, तरी पहाटे पाच वाजता छतातून येणारी चक्कीची घरघर आणि वर्षभर जिन्यात राहणारा तळणाचा वास हे आम्ही भोगतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि नियमातील रात्र सकाळी सहाला संपते. आमच्या वरच्या काकूंना हे तीन वेळा सांगितले. त्यांना वाटते आम्हाला त्यांची प्रगती बघवत नाही. मला प्रगतीबद्दल काही म्हणायचे नाही. चक्की सहानंतर चालवा आणि तिच्या पायांखाली रबर घाला, एवढेच मागणे आहे. समितीकडे जाणाऱ्या दहांतील आठ तक्रारींच्या मुळाशी वापरबदल वगैरे काही नसते. आवाज, वास, उद्वाहनाची रांग आणि गाड्या एवढेच असते. नियमावली नंतर शोधली जाते.

मीटरवाचक

विजेच्या बाबतीत बरीच चुकीची माहिती पसरलेली असते, म्हणून एवढ्याच मुद्द्यावर लिहितो. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशात, महावितरणच्या घरगुती वर्गवारीतच एक सोय आहे. घराच्या एखाद्या भागातून व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो. त्याची तपासणी वर्षअखेरीस होते. मर्यादा ओलांडली तर पूर्वसूचना देऊन पुढे लागू असलेला दर लावला जातो. वकील, डॉक्टर, अभियंते, सनदी लेखापाल यांच्या राहत्या घरातील कामालाही घरगुती दरच आहे, रुग्णालय किंवा शुश्रूषागृह असेल तर नाही.

तेव्हा ताईंनी मागील वर्षाची बिले काढून बेरीज करावी. बेरीज ३,६०० च्या आत असेल, तर वीज कंपनीच्या दृष्टीने काहीही चुकलेले नाही. बाहेर असेल, तर स्वतः अर्ज करून बिगरनिवासी दर घ्यावा, किंवा शक्य असेल तर वेगळे मीटर घ्यावे. हे स्वतःहून केलेले बरे असते. तपासणीत अनधिकृत वापर आढळला, तर वीज अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि तो वापर केव्हापासून चालू आहे हे ठरवता आले नाही, तर मागील बारा महिन्यांची होते.

एक सूचना अशीही करतो की ०.७५ किलोवॉट आणि ३०० युनिट या दोन वेगवेगळ्या कायद्यांच्या वेगवेगळ्या मर्यादा आहेत. एकीत बसला म्हणजे दुसरीत बसलाच असे नाही. लोक वीजबिल दाखवून नगररचनेशी भांडतात. त्याचा उपयोग होत नाही.

ताळेबंद

कागदपत्रांविषयी थोडेसे. मजुरीवरील माणसांचा मुद्दा निघाला आहे, तेव्हा दुकाने व आस्थापना अधिनियमाचाही उल्लेख हवा. २०१७च्या मूळ कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी लागत नाही, केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि तिची पावती मिळते. बँका चालू खाते उघडताना ती पावती मागतात, म्हणून लोक ती घेतात आणि मग चौकट करून भिंतीवर लावतात. तिच्यावर ती वापराची परवानगी नाही अशा अर्थाचा मजकूर असो वा नसो, ती तशी परवानगी नसतेच.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३७६ खाली काही व्यवसायांना आणि काही पदार्थांच्या साठ्याला वेगळा परवाना लागतो, आणि यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना नव्याने सुरू करायचा असेल तर कलम ३१३ आहे. ताईंचे काम त्या आकाराचे नाही, पण चार जणी आणि दोन यंत्रे यांची पुढच्या वर्षी आठ जणी आणि चार यंत्रे झाली, तर हा प्रश्न येणार.

मिळकतकराकडेही लक्ष द्या. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मिळकतधारकाला ४० टक्के सवलत आहे. सदनिका व्यापारी वापरात आहे असा शेरा एकदा नोंदला गेला, तर ती सवलत आणि निवासी दर दोन्हींवर गदा येते, आणि तो शेरा काढून घेण्यासाठी किती फेऱ्या माराव्या लागतात हे माझ्या एका अशिलाने अनुभवले आहे.

उपसागर

मी कॅलिफोर्नियात राहते. तिथले इथे लागू होत नाही हे ठाऊक आहे, तरी तुलना म्हणून लिहिते, कारण नेमक्या याच प्रश्नावर तिथे स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१३ पासून तिथे घरच्या स्वयंपाकघरात न नासणारे ठरावीक पदार्थ करून विकता येतात, आणि घर निवासी विभागात आहे एवढ्या कारणावरून नगरपालिकेला ते सरसकट बंद करता येत नाही. आवाज, वाहने, एकाच भागात होणारी गर्दी यांविषयी वाजवी अटी मात्र घालता येतात. कुटुंबाबाहेरचा एक पूर्णवेळ कर्मचारी ठेवण्याची मुभा आहे. वार्षिक विक्रीला कमाल मर्यादा आहे. मला त्यातले महत्त्वाचे वाटले ते असे की मदतनीस अजिबात नको, असे न म्हणता एकाची सोय ठेवली आहे. घरगुती व्यवसाय एका माणसाच्या दोन हातांवर वाढत नाही, आणि दहा माणसांचा झाला की तो घरगुती राहत नाही. मधली जागा कायद्याने कुठेतरी ठरवून द्यावी लागते.

सोसायटी_चिटणीस

ही तुलना मला पटली, पण एक फरक सांगतो. तिथली घरे बहुतांशी स्वतंत्र असतात. आमच्याकडे एका जिन्यावर चार दारे असतात आणि एका टाकीतून २८ घरांना पाणी जाते. एक मदतनीस चालेल असे राज्याने उद्या ठरवले, तर माझी हरकत नाही. गॅसचे काय, ते मात्र ताईंनी सांगावे. घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरण्यास मनाई आहे, हे बहुतेक जणी सोयीस्करपणे विसरतात.

सुगरण_कर्वेनगर

सर्वांचे आभार. काही उत्तरे मी देते आणि काही गोष्टी कबूल करते.

गॅसचा मुद्दा खरा आहे. दिवाळीत मी १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर फराळासाठी वापरले आहेत. वितरकाकडे चौकशी केली, तेव्हा १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा लागेल असे समजले. परवान्याशिवाय एका जागी १०० किलोपर्यंतच गॅस साठवता येतो असेही कळले. माझ्याकडे कधीच तेवढा नव्हता, पण दुसऱ्या मजल्यावरच्या घरात व्यापारी सिलिंडर आणावा का, हा प्रश्न मला स्वतःलाच पडला आहे.

वीजबिलांची बेरीज केली. वर्षाचे २,९४० युनिट झाले, म्हणजे तिथे मी मर्यादेच्या आत आहे. गल्लीची रुंदी आराखड्याच्या भाग नकाशात पाहिली, ती ९ मीटर आहे आणि आमचा भाग दाट वस्तीच्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे आराखडा_वाचक काकांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही पहिल्या पोटभागात मोडतो. फलक मी त्याच दिवशी काढला.

राहता राहिली मदतनीस. तिचे नाव इथे लिहीत नाही, पण सात वर्षांतली पाच वर्षे ती माझ्याबरोबर आहे आणि तिच्या घराचे भाडे या कामातून जाते. नियमात बसण्यासाठी तिला काढून टाकायचे आणि मग मी एकटीने हातावर मावेल तेवढेच करायचे, हा एक मार्ग झाला. तो मला नको आहे. मग दुसरा कोणता आहे?

आणि शिकवणीचे काय, हे कोणीच सांगितले नाही.

आराखडा_वाचक

शिकवणीबाबत नेमके सांगतो तेवढेच खरे माना. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या ५० हून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना त्या लागत नाहीत. रहिवाशाने आपल्या घरात आठ-दहा मुलांना शिकवणे आणि तीस मुलांच्या चार तुकड्या चालवणे यांत फरक करावाच लागेल, आणि तो संख्या पाहून, जिना पाहून, खाली लावलेल्या सायकली पाहून करावा लागेल. पण त्यांच्याकडे बोट दाखवून तुमची बाजू मजबूत होत नाही. दुसऱ्याला नोटीस गेली नाही, हा बचाव नगररचनेत चालत नाही.

दुसरा मार्ग असा आहे. कामाचे दोन भाग करा. दळणे, मळणे, तळणे आणि मदतनिसांचे सर्व काम दुसऱ्या पोटभागातील, म्हणजे १२ मीटर किंवा अधिक रुंद रस्त्यावरील तळमजल्याच्या गाळ्यात न्या, जिथे तो वापर मुळातच मंजूर आहे. गाळा घेण्यापूर्वी भोगवटा पत्रात, म्हणजे इमारत वापरात आणण्यासाठी पालिका देते त्या दाखल्यात, त्याचा वापर 'दुकान' असा लिहिला आहे ना, ते स्वतः वाचा; दलालाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. वाहनतळाच्या जागेत भिंती घालून केलेले गाळे पुण्यात शेकड्यांनी आहेत, आणि तिथे गेलात तर आजच्यापेक्षा वाईट अडचणीत सापडाल. नगररचना विभागाकडून त्या जागेचा विभाग दाखला मिळतो, तोही काढा. अन्नसुरक्षेच्या नोंदणीवरचा पत्ता बदलून घ्या, कारण नोंदणी जागेशी बांधलेली असते. घरी मग लाडू, वड्या असे तुमच्या एकटीच्या हातचे काम राहील, आणि ते व्याख्येत निर्विवाद बसेल.

व्याख्येच्या शेवटी नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे इथे महापालिकेला, अशाच प्रकारचे आणखी व्यवसाय अटी घालून समाविष्ट करण्याचा अधिकार दिलेला आहे. तो अधिकार वापरून एका मदतनिसाची मुभा देता येईल का, असे निवेदन बचतगटांच्या महासंघांनी पालिकांकडे द्यायला हवे. मी नोकरीत असताना अशी एकही मागणी टेबलावर आली नाही. लोक नोटीस आली की धावतात, आणि नोटीस थांबली की विसरतात.

जरीकाठ

काका, निवेदनाचा मसुदा तुम्ही करून दिलात, तर नाशिकमधून आम्ही वीस-पंचवीस जणी सह्या देऊ. त्यात घरी न बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीचाही मुद्दा घ्यावा, ही विनंती.

आराखडा_वाचक

करतो. पण त्यात साठ्याची कमाल जागा आणि गिऱ्हाइकांच्या वेळा तुम्ही स्वतःहून लिहून द्या. अट आपण सुचवली नाही, तर कार्यालय सुचवते, आणि ती ३० चौरस मीटरसारखी निघते.

सुगरण_कर्वेनगर

दीड महिन्याने लिहिते आहे. समितीला लेखी उत्तर दिले. फलक काढल्याचे, पीठ मळण्याचे यंत्र घरातून हलवल्याचे आणि यंत्रशक्तीचा एकूण भार आता ०.७५ किलोवॉटच्या आत असल्याचे त्यात नमूद केले. वीजबिलांच्या प्रती जोडल्या. तिप्पट शुल्कावर हरकत घेऊन मूळ रकमेचा धनादेश सोबत दिला. समितीने तिप्पट आकारणी मागे घेतली, पण मदतनीस घरी कामाला येणार नाही असे माझ्याकडून लिहून घेतले.

मागच्या रस्त्यावर, पोळ्यांचे काम करणाऱ्या एका बाईंबरोबर भागीत गाळा घेतला आहे. भोगवटा पत्र पाहिलेल्या पाच गाळ्यांपैकी दोन वाहनतळाचे निघाले. भाड्यामुळे चकलीचा दर किलोमागे वाढवावा लागला आणि जुनी सहा-सात गिऱ्हाइके सुटली. चक्की गाळ्यातच ठेवली आहे. सकाळी सहानंतर चालते, आणि तिच्या पायांखाली रबर घातले आहे.

खालचा_मजला

रबर किती जाडीचे घातले ते कळवावे. वरच्या काकूंना दाखवतो.